डिकीत स्टेपनी नव्हती

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मावसभावाने नवी एसयूव्ही घेतली होती. आमच्या घराण्यात आजवर कुणी आत बसूनही पाहिलं नव्हतं अशा त्या गाडीतून आम्ही पाच जण दिवेआगरला निघालो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बोलणं ‘ती कंपनी चांगली की वाईट’ इकडे वळतं, आणि मला ज्याबद्दल लिहायचंय ते जवळजवळ सगळ्याच महागड्या गाड्यांना लागू आहे.

पुण्याहून मुळशी, मग ताम्हिणी घाट. ऑगस्टमध्ये ताम्हिणीत पडतो तसा पाऊस. एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून दादाने गाडी जरा डावीकडे घेतली. डांबर जिथे संपतं तिथली कड तुटलेली होती आणि त्या कडेला एक दगड वर आला होता. आवाज फार मोठा झाला नाही. पण समोरच्या स्क्रीनवर गाडीचं छोटं चित्र उमटलं, त्यातलं मागचं डावं चाक लाल झालं आणि शेजारचा आकडा उतरायला लागला. ३३. २४. ११. मागे बसलेली नऊ वर्षांची पुतणी ते आकडे मोठ्याने वाचत होती, रॉकेट सुटायच्या आधी मोजतात तसे.

दादाने गाडी थोडी पुढे, जरा रुंद जागा होती तिथे नेऊन लावली. आम्ही दोघं छत्री घेऊन उतरलो. त्याने बटण दाबलं, डिकी आपोआप वर गेली. बॅगा बाहेर काढल्या, खालचा कार्पेट उचलला. तिथे एक काळी, नीट साच्यात ओतलेली थर्माकोलची तबकडी होती. तिच्यात एक बाटली, एक छोटा हवा भरायचा पंप आणि पिवळ्या रंगाचा एक हूक. गाडी घेऊन पाच महिने झाले होते आणि दादा ही जागा पहिल्यांदाच पाहत होता.

‘‘स्टेपनी कुठंय?’’ मावशीने काच खाली करून विचारलं. मावशी ६८ वर्षांची आहे, तिने आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. पण गाडीत स्टेपनी असते हे तिला माहीत होतं.

बाटलीत चिकट द्राव असतो. तो व्हॉल्व्हमधून टायरमध्ये सोडायचा, मग पंपाने हवा भरायची, तो आतून भोक बुजवतो. खिळा घुसला असेल तर हे काम करतं. आमच्या टायरला दगडाने बाजूच्या भिंतीवर करंगळीएवढी चीर पाडली होती. आम्ही द्राव सोडला, पंप लावला, आणि त्या चिरेतून ताकासारखं पांढरं पाणी बाहेर येऊन पावसात वाहून गेलं. त्यानंतर माहितीपुस्तक वाचलं. बाजूच्या भिंतीला कापलं असेल तर हा संच वापरू नये, असं त्यात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, मदतीसाठी अमुक नंबरवर फोन करा. फोनला रेंज नव्हती.

अर्ध्या तासाने एक छोटा हत्ती येऊन थांबला. आम्ही हात केला नव्हता. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे बघितलं, एक शब्दही न बोलता परत गेला आणि सीटमागून जॅक नि पाना घेऊन आला. ‘‘काढा शेठ स्टेपनी,’’ तो म्हणाला.

‘‘स्टेपनी नाहीये.’’

‘‘पंक्चर काढायला टाकलीय?’’

‘‘नाही. कंपनीच देत नाही.’’

त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग त्याने स्वतः डिकीत डोकावून बघितलं. आमचं चाक २१ इंचाचं. त्याने आपल्या टेम्पोखाली टांगलेल्या स्टेपनीकडे पाहिलं, आमच्या चाकाकडे पाहिलं, आणि हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती. काहीतरी द्यायला हात पुढे करावा आणि समोरच्याला ते घेताच येऊ नये, अशा वेळी माणूस हसतो तसं ते हसणं होतं.

ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

आधी कंपन्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. एवढ्या मोठ्या गाडीचं पूर्ण आकाराचं चाक, रिमसकट, २५-३० किलोच्या घरात जातं. ते वजन गाडी रोज वाहते, त्यासाठी रोज इंधन जळतं. कितीतरी स्टेपन्या एकदाही रस्त्याला न लागता गाडीबरोबर भंगारात जातात. विजेवरच्या गाडीत ती जागा बॅटरीला हवी असते. शिवाय ‘रन-फ्लॅट’ टायर आले आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालवत नेता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरधाव रस्त्याच्या कडेला चाक बदलणं हे खरोखर जिवावरचं काम आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर रात्री, मागून ट्रक येत असताना जॅक लावून बसलेला माणूस मी पाहिलाय. त्याने तसं करू नये, गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असावी आणि फोन केल्यावर मदत यावी, हे मला पटतं. गुडघे गेलेल्या माणसाला, रात्री एकटीने गाडी नेणाऱ्या मुलीला ते ३० किलोचं चाक काय कामाचं? त्यांच्यासाठी फोनवर येणारी मदत हाच मोकळेपणा आहे.

भारतातला कायदाही याच बाजूने गेला. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर १ ऑक्टोबर २०२० पासून जादा चाक देणं बंधनकारक राहिलं नाही. गाडीत जागा वाढेल आणि मोठी बॅटरी बसवता येईल, असं कारण सरकारने दिलं होतं.

तो ऑक्टोबर तुम्हाला दुसऱ्या एका गोष्टीसाठी आठवत असेल. त्याच महिन्यात आयफोन १२ आला आणि त्याच्या खोक्यातून चार्जर गायब झाला. कारणं जवळपास तीच होती. वजन, जागा, पर्यावरण, आणि ‘तुमच्याकडे आधीच असतो की’. आपण चार दिवस चिडलो, मीम्स फिरवली आणि चार्जर वेगळा विकत घेतला. पुढच्या काही महिन्यांत इतरांचे महाग फोनही तसेच यायला लागले.

मला या दोन गोष्टींतलं साम्य जरा वेगळं दिसतं. एखादी तरतूद काढून टाकायची तर ती आधी वरून काढली जाते, सगळ्यात महाग वस्तूतून. महाग वस्तूत ती नसली की ती नसणंच ‘प्रीमियम’ वाटायला लागतं. मग ते हळूहळू खाली झिरपतं. आज विजेवरच्या छोट्या, मध्यमवर्गाच्या गाड्यांमध्येही बाटली आणि पंप येतो. फरक इतकाच की दादाच्या गाडीच्या रिकाम्या जागेमागे एक हेल्पलाइन उभी होती. फ्लॅटबेड येणार होता, हॉटेलचा खर्च मिळणार होता, दुसऱ्या दिवशी बदली गाडी मिळणार होती. त्याच्या गाडीतली स्टेपनी गेली नव्हती, ती डिकीतून उठून एका करारात जाऊन बसली होती. खालच्या गाडीपर्यंत पोहोचताना रिकामी जागा तेवढी पोहोचते, करार वाटेत पातळ होत जातो.

‘स्टेपनी’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. मला कालपरवापर्यंत हा इंग्रजी शब्द वाटायचा. पण इंग्लंडमध्ये कुणाला स्टेपनी मागितली तर तो लंडनमधल्या एका भागाचा पत्ता सांगेल. आपला शब्द आला वेल्समधल्या लानेली या गावातून. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात जादा चाक नसायचंच. चाक गाडीला पक्कं असायचं. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत चढवायचा. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले, त्यामुळे हे सारखंच व्हायचं. १९०४ साली लानेलीतल्या डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. आऱ्या नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने चिमट्यांनी अडकवायची आणि घरी जायचं. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. वस्तू जगभर गेली, पुढे सुटी होणारी चाकं आल्यावर ती वस्तू संपली, पण नाव भारतात, बांगलादेशात राहिलं. ब्राझीलमध्ये ‘इस्तेपी’ म्हणून राहिलं. (आपल्याकडे तर ते माणसांनाही लावलं जातं. कॉलेजमध्ये ‘तू तिची स्टेपनी आहेस’ हे ऐकलेल्या मुलांना आणखी सांगायला नको.)

या इतिहासात माझ्या रागाला टाचणी लावणारी एक गोष्ट आहे. त्या काळी मोटार बाळगणारी माणसं स्वतः चाक बदलत नव्हती. शोफर बदलायचा. मालक झाडाखाली उभा राहून घड्याळ बघायचा. म्हणजे ‘स्वतःची स्टेपनी स्वतः बदलणारा माणूस’ हे काही मोटारीच्या इतिहासातलं सनातन चित्र नाही. मधल्या एका काळात, मधल्या एका वर्गात तो होता. मालक आणि ड्रायव्हर एकच झाले, पण दुरुस्तीला माणूस बोलावणं परवडत नव्हतं, त्या काळात. माझे बाबा त्यातले.

बाबांकडे सेकंडहँड फियाट होती. कुठेही निघायच्या आदल्या संध्याकाळी ते पंपावर जायचे आणि चार चाकांची हवा झाली की म्हणायचे, ‘‘पाचव्याची पण बघ.’’ पंपावरचा मुलगा कंटाळायचा, कारण त्यासाठी डिकी उघडावी लागायची. मला तो बाबांचा चक्रमपणा वाटायचा. पण त्या स्टेपनीची मला जी एकमेव ठसठशीत आठवण आहे, ती आमच्या पंक्चरची नाहीच. कोल्हापूरहून येताना साताऱ्याच्या अलीकडे एक कुटुंब फियाट घेऊन रस्त्याच्या कडेला उभं होतं. त्यांची स्टेपनी आधीच वापरून झाली होती आणि दुसरं चाक बसलं होतं. बाबांनी आपली स्टेपनी काढून त्यांच्या गाडीला लावून दिली. साताऱ्यापर्यंत दोन्ही गाड्या पुढेमागे. तिथे एका पंक्चरवाल्याकडे त्यांचं चाक होईपर्यंत आम्ही सगळे उसाचा रस प्यायलो. मग बाबांनी आपलं चाक परत घेतलं. त्या माणसांची नावं आम्हाला तेव्हाही नीट कळली नव्हती.

मी स्टेपनीकडे आजवर स्वावलंबनाची वस्तू म्हणून बघत होतो. आपलं संकट आपण वाहून न्यायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही. पण साताऱ्याची ती दुपार आठवली की वाटतं, बाबांच्या डिकीत दुसऱ्याला देता येईल असंही काही होतं. देता येत होतं कारण ते जवळ होतं, आणि कारण दोन्ही गाड्यांना ते बसत होतं. छोटा हत्तीवाल्याने न विचारता जॅक काढला तो याच हिशेबातून. दादाच्या गाडीत जॅक नाही, पाना नाही. उद्या त्याच घाटात एखादी अल्टो पंक्चर होऊन उभी असेल, तिची स्टेपनी असेल पण जॅक बिघडला असेल, तर दीड कोटीच्या आसपासची ही गाडी थांबून काय करणार? दादा चांगला माणूस आहे, तो थांबेल. काच खाली करून विचारेल, ‘‘कुणाला फोन करू का?’’ त्याच्याकडे द्यायला एवढंच आहे, तेही रेंज असेल तर.

मला वाटतं स्टेपनी काढून टाकण्यात गेलेली गोष्ट ही आहे. माणूस परावलंबी झाला, हे रडगाणं मला गायचं नाही. परावलंबी तर आपण सगळेच आहोत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वारकऱ्याचंच बघा. तो शेकडो किलोमीटर जातो तो डोक्यावर थोडकं सामान घेऊन. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, गावोगाव लोक जेवण घेऊन उभे असतात. स्टेपनी न घेता निघणं याहून मोठं काय असू शकतं? पण त्याला पुरतं ठाऊक असतं की तो कुणाच्या जिवावर चालतोय. समोर येईल त्याला तो ‘माउली’ म्हणून वाकतो, आणि समोरचाही वाकतो. आज ज्याने पिठलं वाढलं तोच उद्या दिंडीत असू शकतो. घेणारा आणि देणारा यांची जागा कधीही बदलू शकते.

गाडीच्या हेल्पलाइनवर ती जागा बदलत नाही. तिथे मी कायम घेणारा आणि समोरचा कायम देणारा, आणि मध्ये पैसे. एक प्रकारे हे स्वच्छ आहे. कुणाचे उपकार नकोत, कुणाच्या गाडीत चिकटून बसायला नको, कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहायला नको. ज्यांना उपकारांची किंमत फार मोजावी लागलेली असते त्यांना हा व्यवहार सुटकेसारखा वाटू शकतो, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. जातीमुळे, आडनावामुळे, बाई असल्यामुळे रस्त्यावरच्या ‘मदती’चे वेगळेच अनुभव आलेली माणसं मला माहीत आहेत. तरीही ताम्हिणीत, रेंज नसताना, मला दिसलं की आमच्याकडे जगाशी जोडणारं एकच नातं उरलं होतं, गिऱ्हाइकाचं, आणि ते नेटवर्कशिवाय चालत नव्हतं.

मॅथ्यू क्रॉफर्ड नावाचा एक अमेरिकन लेखक आहे. राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी करून तो मोटारसायकली दुरुस्त करण्याच्या धंद्यात पडला. २००९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने एक बारीक निरीक्षण नोंदवलंय. काही अतिमहाग गाड्यांमध्ये इंजिन ऑइल बघायची दांडीच नसते. ऑइल कमी झालं की गाडी स्क्रीनवर सांगते. त्याची तक्रार अशी की यामुळे माणसाचा आपल्या वस्तूशी असलेला संबंध जातो, तिची काळजी घेण्याचं भानच राहत नाही. ते बरोबर आहे. आमच्याही गाडीने हवा किती उरली ते आकड्यासह सांगितलं, फक्त त्या माहितीचं करायचं काय ते आमच्या हातात नव्हतं. पण क्रॉफर्डचा भर माणूस आणि वस्तू यांच्यावर आहे. मला त्या वस्तूच्या मागे उभी असलेली माणसं जास्त दिसतात.

हायडेगरचं हातोडीचं उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. १९२७ सालच्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये तो म्हणतो की हातोडी नीट चालत असते तेव्हा ती आपल्याला दिसतच नाही, आपलं लक्ष कामाकडे असतं. ती मोडली की दिसते. आणि नुसती ती दिसत नाही, ती ज्या सगळ्या जाळ्याचा भाग होती ते जाळंही एकदम उजेडात येतं. त्या दिवशी टायर फाटला आणि आमचं जाळं उजेडात आलं. छोटा हत्तीवाला, ज्याने मला निजामपूरपर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. एसटीचा कंडक्टर, ज्याने मध्येच बस थांबवून मावशी, वहिनी आणि पुतणीला माणगावपर्यंत नेलं. हेल्पलाइनवरची मुलगी, जिला ताम्हिणी कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि जी दर दोन मिनिटांनी माझ्या संयमाबद्दल आभार मानत होती. माणगावच्या हायवेवरचा केरळी टायरवाला, ज्याला मी तिथूनच फोन केला. तो वीस वर्षं तिथे आहे. टायरचा नंबर ऐकून तो म्हणाला, ‘‘हा साइज माझ्याकडे नाही, महाडला पण नाही. पुण्याला मिळाला तरी ऑर्डर करून.’’ ज्या माणसाच्या दुकानासमोर आयुष्यभर ट्रक, जीप, एसटी येऊन उभ्या राहिल्या, त्याच्याही आवाक्याबाहेरचं आमचं चाक होतं.

एक गोष्ट मला गमतीची वाटते. आडरानात जाणाऱ्या गाडीची जुनी खूण म्हणजे मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी. जीपला होती, लँड रोव्हरला होती. ‘मी कुठेही जाईन आणि परत येईन’ असं ती गाडी पाठमोरी सांगायची. ही खूण इतकी पक्की बसलीय की मर्सिडीजच्या जी-क्लासची विजेवरची आवृत्ती २०२४ साली आली, तेव्हा तिच्या मागच्या दारावर स्टेपनीच्या जागी एक पेटी देण्यात आली. पेटीत चार्जिंगची केबल ठेवायची. जाहिरातीत या गाड्या अजूनही चिखलातून, नदीतून, कड्यावरून जातात. जाहिरातीतल्या डोंगरात पंक्चर होत नाही.

अर्थात पंक्चर कुठे होणार हे कंपनीला ठरवता येत नाही. ती सरासरीचा विचार करते, आणि सरासरीत माणूस टायरच्या दुकानापासून फार लांब नसतो, त्याच्या फोनला रेंज असते, टायरला चीर न पडता खिळा लागतो. सरासरीवर आधारलेला निर्णय बहुतेकांच्या सोयीचा असतो यात वाद नाही. फक्त उरलेल्यांचं काय होतं हा प्रश्न त्या निर्णयात कुठेतरी लिहिलेला असायला हवा. आमच्या बाबतीत तो लिहिलेला होता, माहितीपुस्तकाच्या शेवटी, बारीक अक्षरात, एका फोन नंबरच्या रूपात. आणि त्या नंबरच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस होता.

तो रात्री साडेदहाला आला. फ्लॅटबेड घेऊन पुण्याहून, पावसात, घाट उतरत. पंचविशीतला असेल. सकाळपासूनची त्याची ही तिसरी गाडी होती, आधीची लोणावळ्याहून आणलेली. त्याने टॉर्च तोंडात धरून चाकांना पट्टे बांधले, आमची गाडी इंच इंच वर ओढून घेतली. दादा तोवर माणगावला मावशीकडे जायला एका जीपमध्ये बसला आणि गाडीबरोबर मी पुण्याला निघालो, केबिनमध्ये, त्याच्या शेजारी. घाटात आम्ही दोघं जवळजवळ बोललोच नाही. त्याची झोप उडावी म्हणून मी दोन-तीनदा काहीतरी विचारलं, त्याने हो-नाही केलं.

पौडजवळ एक टपरी उघडी होती. चहा सांगून तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला. खाली वाकला आणि चासीला लटकवलेल्या स्टेपनीवर पान्याने दोन ठोके मारले. आवाजावरून हवा कळते. मग येऊन चहा घेतला. माझं लक्ष गेलेलं त्याने पाहिलं असावं.

‘‘रोज बघतोस?’’ मी विचारलं.

‘‘बघावं लागतं सर. माझी गाडी बसली तर मला उचलायला कोण येणार?’’

तो हे सहज म्हणाला, त्यात टोमणा नव्हता. दादाने न वाहिलेलं ३० किलोचं ओझं आज रात्री कुणी वाहिलं, हे मला त्या वाक्यातून कळलं. ओझं गाडीतून उतरतं तेव्हा ते कुणाच्या तरी रात्रीवर चढतं, आणि ज्याच्या रात्रीवर चढतं त्याला स्वतःची स्टेपनी वागवणं सुटत नाही. मी त्याला वर काही पैसे दिले. त्याने घेतले. ते दिल्याने मला जरा बरं वाटलं आणि असं बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

दादाने नंतर दोन टायर घेतले, कारण एकाच्या जोडीला झिजलेला चालत नाही म्हणाले. त्यांची किंमत मी इथे लिहिणार नाही, माझी आई हा लेख वाचणार आहे. मग त्याने हट्टाने एक जादा चाकही मागवलं, रिमसकट. ते डिकीत ठेवलं की अर्धी डिकी भरते. दिवाळीत ते लोक गोव्याला गेले तेव्हा चार बॅगा आणि चाक दोन्ही मावेनात. वहिनी म्हणाली, बॅगा न्यायच्या आहेत. सध्या ते चाक सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभं आहे आणि त्यावर मांजर झोपतं.

मी हे सगळं दादाला ऐकवत होतो, साताऱ्याची गोष्टसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, ‘‘त्या दिवशी स्टेपनी असती तर बदलली कुणी असती? तू?’’

मला चाक बदलता येत नव्हतं. बाबांना बदलताना पाहिलं होतं, तेवढंच. म्हणून गेल्या रविवारी माझी जुनी हॅचबॅक खाली काढली आणि व्हिडिओ लावून बसलो. पाऊण तास गेला. शेवटचा नट काही केल्या सुटेना. वॉचमनकाका बराच वेळ लांबून बघत होते, शेवटी आले आणि म्हणाले, पान्यावर पाय देऊन उभे राहा. सुटला. चाक काढलं, घामाघूम होऊन स्टेपनी उचलून लावली, नट आवळले, जॅक हळूहळू खाली घेतला.

गाडी त्या कोपऱ्यात खाली खाली जात राहिली. काकांनी वाकून टायर दाबून बघितला. स्टेपनीत हवा नव्हती.